कार्यालयातील संगणकांचे जाळे : उभारणी, निगा आणि दोषशोध

(पंचायत सदस्य, शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सरकारी कार्यालयाचा कारभार एके काळी दप्तर, टपाल आणि शिपाई या तिघांच्या आधाराने चालत असे. फाईल सापडली नाही तर काम अडे. आज दप्तराचे पुष्कळसे काम संगणकाकडे आले आहे, आणि टपालाचे व शिपायाचे काम संगणकांना परस्परांशी जोडणाऱ्या जाळ्याकडे. साहजिकच काम अडण्याचे कारणही बदलले आहे. जून महिन्यात शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश सुरू असतात. दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या शेतमजुराला खिडकीवरून ‘नेट नाही’ एवढेच उत्तर मिळते. उत्तर दोन शब्दांचे. परंतु त्याची किंमत तो शेतमजूर आणि त्याचे मूल मोजत असतात. ज्या दिवशी असे उत्तर दिले जाते, त्या दिवशी प्रत्यक्षात पुष्कळदा भिंतीतल्या खाचेतून एखादी तार निसटलेली असते, अथवा झाडू मारताना स्विचचा प्लग ढिला झालेला असतो. दोष पाच मिनिटांचा आणि खोळंबा तीन दिवसांचा, असे घडते ते यंत्राच्या अवघडपणामुळे नव्हे, तर कोठे पाहावे हे कोणी शिकविलेले नसते म्हणून.

संगणकांचे जाळे ही केवळ अभियंत्याची विद्या नाही. विहिरीचा पंप बिघडला तर मिस्त्रीला बोलवावे लागते हे खरे. पण वीज आहे की नाही, फ्यूज उडाला आहे काय, विहिरीत पाणी आहे काय, एवढे पाहण्यास मिस्त्री लागत नाही. जाळ्याचेही तसेच आहे. उभारणी करताना कोणती दक्षता घ्यावी आणि काम थांबले असता दोष कोणत्या क्रमाने शोधावा, याचा विचार या व्याख्यानात केला आहे.

थोडा पूर्वेतिहास

कार्यालयात आज सर्रास वापरात असलेली ईथरनेट ही पद्धती १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी विकसित करण्यास प्रारंभ केला. १९८३ मध्ये तिला अधिकृत मानकाचे रूप आले आणि १९९० मध्ये टेलिफोनच्या तारेसारख्या पीळदार जोडतारेवरून ती चालविण्याचे मानक निघाले. भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूचे, म्हणजेच ऑप्टिकल फायबरचे, राष्ट्रीय जाळे नेण्याच्या योजनेस मान्यता दिली. ‘भारतनेट’ या नावाने ती ओळखली जाते आणि महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने हाती घेण्यात आले. तंतू कार्यालयाच्या दारापर्यंत आणणे हे शासनाचे काम. दारापासून टेबलापर्यंतचा प्रवास मात्र त्या त्या कार्यालयाच्या हाती असतो. दुर्लक्ष होते ते नेमके याच शेवटच्या टप्प्याकडे.

जाळ्याची रचना : नळयोजनेचा दृष्टांत

पंचायत सदस्यांना नळपाणी योजना चांगली परिचित असते. उद्भवापासून मुख्य जलवाहिनी येते, टाकीत पाणी साठते, तेथून वितरण नलिका गल्लोगल्ली जातात आणि शेवटी घरोघरचा नळ येतो. कार्यालयातील जाळ्याची मांडणीही बरीचशी अशीच आहे. बाहेरून आलेला काचतंतू ज्या पेटीत संपतो ती पेटी प्रकाशाचे रूपांतर विद्युत संकेतात करते. बोलीत तिला ओएनटी म्हणतात. तिच्यापुढे राउटर असतो. बाहेरचे जग आणि कार्यालय यांच्यामधील तो वेशीवरचा नाका होय. अनेक ठिकाणी ही दोन्ही कामे एकच पेटी करते. राउटरनंतर स्विच येतो. एकाच ओळीतील आठ, सोळा किंवा चोवीस खाचांतून तो प्रत्येक टेबलाकडे स्वतंत्र तार पाठवितो. या तारेच्या टोकाशी संगणक, छपाईयंत्र, हजेरीचे यंत्र किंवा कॅमेरा जोडलेला असतो.

या दृष्टांताचा खरा उपयोग दोष शोधताना होतो. एकाच घरचा नळ कोरडा असेल तर कोणी टाकीवर चढत नाही, आणि सारे गाव कोरडे असेल तर एका घराचा नळ खोलून पाहत नाही. जाळे बंद पडले की पहिला प्रश्न हाच विचारावा : एकाचे बंद आहे की सर्वांचे? या एका प्रश्नाने निम्मे काम होते.

खरेदीपूर्वी आराखडा

पुष्कळ कार्यालयांत आधी यंत्रे येतात आणि मग ती कोठे ठेवावीत याचा विचार होतो. क्रम उलटा हवा. प्रथम कागदावर इमारतीचा साधा नकाशा काढावा. त्यावर टेबले, विजेची बटणे, दारे-खिडक्या दाखवाव्यात आणि आज किती यंत्रे आहेत व पुढील पाच वर्षांत किती होतील याची मोजदाद करावी. आठ यंत्रे असतील तर आठ खाचांचा स्विच पुरत नाही. कारण एक खाच राउटरकडे जाते आणि नवे यंत्र येणार हे ठरलेलेच असते. अशा ठिकाणी सोळा खाचांचा घ्यावा.

तांब्याच्या तारेची मर्यादा १०० मीटर आहे. त्यातील सुमारे ९० मीटर भिंतीतील कायम तारेसाठी आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या तारांसाठी धरावेत. हे अंतर भिंतीवरून, कोपऱ्यावरून, वर-खाली जाणाऱ्या तारेचे असते, सरळ रेषेतील नव्हे. त्याहून दूर जावयाचे असल्यास मध्ये स्विच घालावा किंवा काचतंतू वापरावा.

वेगाच्या आकड्यांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. सेवा देणारी कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून २० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर अडीच मेगाबाइट मजकूर येतो. ३०० मेगाबाइटची फाईल एका संगणकावर उतरविण्यास किमान दोन मिनिटे लागतात. दहा संगणकांनी तीच फाईल एकाच वेळी उतरविली तर सर्वांना वीस मिनिटे थांबावे लागते. शाळेच्या संगणक कक्षात सकाळी सर्व यंत्रे एकदम सुरू केल्यावर ती मंद का होतात, याचे उत्तर पुष्कळदा या त्रैराशिकात असते. प्रत्येक यंत्र त्याच वेळी आपली सुधारित आवृत्ती मागवीत असते. ते काम शाळा सुटल्यानंतरच्या वेळेवर ठेवल्यास तक्रार उरत नाही.

तारेची निवड आणि जोडणी

संपूर्ण जाळ्यात सर्वांत स्वस्त वस्तू तार आणि सर्वाधिक दोष तिच्यातच, असे का घडते? कारण ती एकदा भिंतीत गेली की पुन्हा कोणी पाहत नाही. म्हणूनच तारेच्या बाबतीत काटकसर करू नये. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. ती ठिसूळ असते, तिचा विद्युतरोध अधिक असतो आणि मानकांना ती मान्य नाही. खरेदीच्या अटींत ‘शुद्ध तांब्याची, कॅट-सहा प्रतीची’ असे स्पष्ट लिहावे आणि माल आल्यावर एक टोक सोलून, सुरीने खरवडून पाहावे. आत पांढरट धातू दिसला तर माल परत करावा.

तारेच्या आत चार रंगांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. हा पीळ शोभेचा नाही. शेजारच्या तारांचा आणि विजेचा उपद्रव त्यामुळेच नाहीसा होतो. म्हणून टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा अधिक उलगडू नये. सर्वाधिक प्रचलित पद्धतीत रंगांचा क्रम असा असतो : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा. ‘दोन्हीकडे सारखा असला म्हणजे झाले’ अशी समजूत ठेवून काही कारागीर मनाजोगता क्रम लावतात. अशी तार साध्या तपासणी यंत्रावर बरोबर दिसते, पण जोड्या फुटल्यामुळे लांब अंतरावर काम करीत नाही. हा दोष शोधण्यास फार वेळ जातो; तो मुळातच होऊ न देणे शहाणपणाचे.

विजेच्या तारा आणि जाळ्याच्या तारा एकाच नळीतून नेऊ नयेत. त्या समांतर न्याव्या लागल्यास मध्ये वीतभर तरी अंतर असावे. ओलांडाव्या लागल्यास काटकोनात ओलांडाव्यात. तार खिळ्याने ठोकू नये, खिडकीच्या फटीतून दाबून नेऊ नये, सतरंजीखालून नेऊ नये. वळण देताना तारेच्या जाडीच्या चौपटीहून लहान गोलाई नसावी. काचतंतूला तर याहून अधिक जपावे. तो तीव्र वळला की प्रकाश गळतो आणि जोडणी कधी चालते, कधी बंद पडते. तंतूच्या टोकातून अदृश्य प्रकाश येत असतो. त्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. हिरव्या टोपीची आणि निळ्या टोपीची जोडणी घडणीने वेगळी असल्याने ती एकमेकींत बसवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असलेली चिठ्ठी चिकटवावी आणि तोच क्रमांक नकाशावर लिहावा. चोवीस तारांच्या जंजाळात ‘लेखा शाखेची तार कोणती?’ हे शोधताना जाणारा तासभर या चिठ्ठीने वाचतो.

वीज, अर्थिंग आणि पावसाळा

राउटर आणि स्विच यांना यूपीएसचा आधार द्यावा. संगणकाला तो दिलेला असतो. पण राउटर भिंतीवरच्या साध्या बटणावर चालतो आणि वीज जाताच सारे जाळे झोपते, हे दृश्य अनेक ठिकाणी दिसते. या दोन यंत्रांना वीज फार थोडी लागते. लहान यूपीएसवरही ती बराच वेळ चालतात. राउटर खिडकीजवळ, पाण्याच्या माठाशेजारी किंवा कपाटात कागदांच्या गठ्ठ्यामागे ठेवू नये. त्याला हवा लागते. उन्हाळ्यात दुपारीच बंद पडणारे आणि सायंकाळी आपोआप सुरू होणारे यंत्र बहुधा उष्णतेने त्रासलेले असते.

अर्थिंगची तपासणी दरवर्षी मे महिन्यात विद्युत कारागिराकडून करून घ्यावी. न्यूट्रल आणि अर्थ यांमधील दाब साधारणतः दोन-तीन व्होल्टपेक्षा अधिक नसावा. महाराष्ट्रात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा अधिक पडतात. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीकडे, उदाहरणार्थ ग्रामपंचायतीतून शेजारच्या शाळेकडे, उघड्यावरून तांब्याची तार नेल्यास जवळपास पडलेल्या विजेचा झटका तिच्यावाटे दोन्हीकडील यंत्रे जाळू शकतो. दोन इमारतींमध्ये धातूविरहित काचतंतूच वापरावा. त्यातून वीज वाहत नाही. मेघगर्जना सुरू झाल्यावर कार्यालय बंद असल्यास यंत्रांचे प्लग काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त विमा होय.

पत्त्यांची व्यवस्था

गावातील प्रत्येक घराला क्रमांक असतो, तसा जाळ्यातील प्रत्येक यंत्राला पत्ता असतो. कार्यालयाच्या अंतर्गत वापरासाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. राउटर हे पत्ते यंत्रांना आपोआप वाटतो. तथापि छपाईयंत्र, हजेरीचे यंत्र आणि सामायिक फाईली ठेवणारा संगणक यांचा पत्ता कायम राहणे आवश्यक आहे. छपाईयंत्र काल चालत होते, आज ‘ऑफलाइन’ दाखविते, अशी तक्रार आली तर वीज गेल्यानंतर त्याला नवा पत्ता मिळाला आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवीत राहिले, असे समजण्यास हरकत नाही.

यावर उपाय म्हणून वाटपाचा पट्टा आणि कायम पत्त्यांचा पट्टा वेगळे ठेवावेत. उदाहरणार्थ शेवटचा आकडा २ ते ४९ हा कायम यंत्रांसाठी आणि ५० ते २०० हा आपोआप वाटपासाठी. असे न केल्यास एकच पत्ता दोन यंत्रांना जातो आणि दोन्ही अडखळतात. एकाच घरक्रमांकावर दोन कुटुंबे राहू लागली तर पोस्टमनची जी गत होईल, तीच येथे होते.

बिनतारी जोडणी

वायफाय सोयीचे आहे. पण ते तारेला पर्याय नसून पूरक आहे. रोज एकाच जागी राहणाऱ्या संगणकाला तारच द्यावी. जुन्या कार्यालयांच्या काळ्या दगडाच्या दोन-दोन फूट भिंती, सिमेंटचे स्लॅब, लोखंडी कपाटे आणि पत्रे हे सारे बिनतारी लहरींचे अडसर आहेत. म्हणून वायफायचे यंत्र कार्यालयाच्या मध्यभागी, डोक्यापेक्षा उंच, मोकळ्या जागी लावावे. २.४ गिगाहर्ट्झची लहर दूर जाते पण गर्दीत सापडते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण भिंतीपाशी थकते. पहिल्या प्रकारात १, ६ आणि ११ हे तीनच मार्ग परस्परांना अडथळा करीत नाहीत. शेजारी-शेजारी दोन यंत्रे असतील तर त्यांना यांपैकी वेगवेगळे मार्ग द्यावेत.

पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवू नये. अभ्यागतांसाठी ‘पाहुणे’ या स्वरूपाची वेगळी जोडणी बहुतेक राउटरांत करता येते. तिच्यावरून इंटरनेट मिळते, पण कार्यालयाचे संगणक दिसत नाहीत. दप्तरखाना आणि बैठकीची ओसरी यांच्यामध्ये जसे दार असते, तसेच हे दार होय.

दोष शोधण्याची शिस्त

जाळे बंद पडले की एक जण राउटर बंद करतो, दुसरा तार उपसतो, तिसरा संगणकाच्या मांडणीत बदल करतो. तिघांच्या गडबडीत मूळ दोष एक आणि नवे दोष तीन होतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी ही अवस्था टाळण्यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. व्याप्ती ठरवावी. एकच यंत्र बंद आहे, एक खोली बंद आहे की सारे कार्यालय? एकच संकेतस्थळ उघडत नाही की कोणतेच नाही? एकच संकेतस्थळ उघडत नसेल आणि बाकी सर्व उघडत असतील, तर दोष बहुधा कार्यालयात नाही.

२. काल काय बदलले ते विचारावे. टेबल हलविले, रंगकाम झाले, नवे यंत्र आले, वीज गेली. दोषाचा धागा बहुधा येथेच सापडतो.

३. दिवे पाहावेत. स्विचच्या ज्या खाचेत तार आहे तेथील दिवा लागला आहे काय? नसल्यास तार, टोक किंवा खाच यांत दोष आहे. तीच तार दुसऱ्या खाचेत लावावी. नंतर त्याच खाचेत दुसरी चांगली तार लावावी. दोन अदलाबदलींत दोषी कोण ते कळते. ओएनटीवर ‘लॉस’ असे लिहिलेला तांबडा दिवा लागला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. तंतू कोठे मुडपला नाही ना, एवढे पाहून सेवा देणाऱ्या संस्थेकडे तक्रार नोंदवावी. आतल्या तारा हलविण्यात अर्थ नाही.

४. पत्ता पाहावा. विंडोजच्या संगणकावर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यास यंत्राचा पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही; त्याने स्वतःच एक पत्ता धारण केला आहे. दोष यंत्र आणि राउटर यांच्या दरम्यान आहे.

५. वेशीपर्यंत हाक मारावी. १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी लिहिलेला ‘पिंग’ हा छोटा कार्यक्रम दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येण्यास किती वेळ लागला ते सांगतो. प्रथम राउटरच्या पत्त्याला पिंग करावे. तारेवरून उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यावे. काही हाकांना उत्तर येत असेल आणि काही हरवत असतील, तर तार किंवा तिचे टोक संशयास्पद आहे.

६. वेशीबाहेर हाक मारावी. ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक नामसेवेच्या पत्त्याला पिंग करावे. राउटर उत्तर देतो पण हा पत्ता देत नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत आहे. काही शासकीय जाळ्यांत सुरक्षेसाठी अशा हाका अडविलेल्या असतात. म्हणून जाळे सुरळीत असतानाच ही चाचणी एकदा करून निकाल लिहून ठेवावा.

७. नावाने हाक मारावी. आकड्याला उत्तर येते पण संकेतस्थळाच्या नावाला येत नाही, तर नावावरून आकडा शोधणारी नामसेवा अडली आहे. तार, स्विच आणि जोडणी तिन्ही निर्दोष आहेत, हे यावरून समजते.

एका वेळी एकच बदल करावा, त्याचा परिणाम पाहावा, उपयोग न झाल्यास तो बदल मागे घ्यावा. राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याचा उपाय शेवटी करावा. त्याने काम सुरू होते खरे, पण दोषाच्या खुणाही पुसल्या जातात आणि तोच दोष आठवड्याने परत येतो.

नेहमी आढळणारे चार दोष

पहिला दोष गोल फिरणाऱ्या तारेचा. साफसफाईनंतर मोकळी दिसणारी तार कोणी सद्भावनेने त्याच स्विचच्या दुसऱ्या खाचेत लावतो. तारेची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये आली की साध्या स्विचमध्ये संदेश गोल फिरत राहतात, सर्व दिवे एकदम वेगाने लुकलुकतात आणि सारे जाळे ठप्प होते. अशा वेळी एकेक तार काढीत जावे. जी काढताच दिवे शांत होतील ती दोषी.

दुसरा दोष दोन कारभाऱ्यांचा. वायफाय पुरत नाही म्हणून कोणी घरचा राउटर आणून जोडतो. मग दोन राउटर पत्ते वाटू लागतात. काही यंत्रांना खरा पत्ता मिळतो, काहींना भलताच. ‘माझे चालते, त्यांचे चालत नाही’ अशी तक्रार सुरू होते. दुसऱ्या राउटरमधील पत्तेवाटप बंद केल्याशिवाय तो जोडू नये.

तिसरा दोष घड्याळाचा. संगणकातील लहान बॅटरी संपली की तारीख मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात. त्यामुळे जोडणी उत्तम असूनही ती उघडत नाहीत. कोपऱ्यातील तारीख पाहण्यास क्षण लागतो. न पाहिल्यास दिवस जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

चौथा दोष मंद गतीचा. स्विच आणि संगणक सेकंदाला १००० मेगाबिट क्षमतेचे असतानाही जोडणी १०० वरच चालते. या वेगासाठी चारही जोड्या शाबूत लागतात. १०० साठी दोन पुरतात. निळी किंवा तपकिरी तार टोकाशी तुटली असेल तर काम थांबत नाही, पुष्कळदा फक्त मंदावते. टोक कापून नवे बसविणे हाच त्यावर उपाय.

सुरक्षितता

जाळे जोडते, तसे रोगही पसरविते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. ज्या उणिवेतून तो शिरला ती बुजविणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उपलब्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती त्यांना फटका बसला. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, ‘नॉटपेट्या’ने मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका खासगी टर्मिनलचे काम विस्कळीत केले. एका यंत्रात शिरलेला विषाणू जाळ्यावाटे शेजारच्या यंत्रांत जातो, हा त्याचा धडा.

कार्यालयाने निदान एवढे करावे : राउटरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा; सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी बसवाव्यात; विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे लक्षात घेऊन अशा यंत्रांच्या बदलाचे नियोजन करावे. महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर आणि त्यांपैकी एक इमारतीबाहेर ठेवावी. ती प्रत खरोखर उघडते काय हे तीन महिन्यांनी एकदा पाहावे. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजलेली शिल्लक. खंडणीखोर विषाणूचा संशय येताच त्या यंत्राची तार प्रथम काढावी. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय कार्यालयांनी अशा घटनांची माहिती सहा तासांच्या आत द्यावयाची असते. म्हणून कळवावयाचे कोणाला, हे आधीच लिहून ठेवलेले असावे.

नोंदवही आणि करार

ज्या कार्यालयात जाळ्याची नोंदवही आहे तेथे अधिकारी बदलला तरी जाळ्याची स्मृती बदलत नाही. नोंदवहीत इमारतीचा नकाशा, तारांचे क्रमांक, कायम पत्ते, यंत्रांच्या खरेदीच्या तारखा व हमीची मुदत, सेवा देणाऱ्यांचे तक्रार क्रमांक आणि प्रत्येक बिघाडाची तारीख, लक्षण, कारण व उपाय या गोष्टी असाव्यात. पासवर्ड मात्र वेगळ्या, मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालयप्रमुखाकडे ठेवावेत. कोपऱ्यातील एका डब्यात दोन तयार तारा, दहा-बारा टोके, ती बसविण्याची पक्कड, तारेचा टेस्टर आणि एक जादा लहान स्विच असावा. या डब्याची किंमत एका दिवसाच्या खोळंब्यापेक्षा कमीच भरेल.

वार्षिक देखभाल करार करताना ‘बिघाड दुरुस्त करणे’ एवढेच लिहू नये. किती तासांत माणूस येईल, तोवर पर्यायी यंत्र देणार काय, वर्षातून किती वेळा प्रतिबंधक तपासणी करणार, आणि मुदत न पाळल्यास किती रक्कम कापली जाईल, हे नमूद असावे. पंचायत सदस्यांनी मासिक सभेत पाणीपुरवठा आणि दिवाबत्ती यांचा आढावा घेताना एक प्रश्न जाळ्याविषयीही विचारावा : गेल्या महिन्यात किती दिवस सेवा बंद होती आणि का? नोंदवही असेल तर उत्तर आकड्यात मिळेल. नसेल तर सबबीत मिळेल.

शिक्षकांना यात आणखी एक संधी आहे. तारेचे टोक बसविणे, पिंग करून पाहणे, नकाशा काढणे ही कामे वरच्या वर्गातील मुले सहज शिकतात. शाळेच्या जाळ्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, विजेच्या जोडणीला हात न लावता त्यांना हा अनुभव द्यावा. गावातच दोन-तीन जाणकार तयार झाले तर तालुक्याहून कारागीर येण्याची वाट पाहावी लागणार नाही.

यंत्रे जुनी होतील, वेग वाढतील, आजच्या तारा उद्या बदलतील. पण आराखडा आधी, तार शुद्ध, टोकाला चिठ्ठी, क्रमाने तपास आणि लेखी नोंद ही पंचसूत्री बदलण्याचे कारण नाही. तिला फार पैसा लागत नाही. लागते ती शिस्त. ती पाळली गेली तर खिडकीबाहेर दाखल्यासाठी उभ्या असलेल्या माणसाला ‘उद्या या’ असे सांगण्याचे प्रसंग निश्चितच कमी होतील, आणि त्याची बुडालेली मजुरी वाचविणे हे कार्यालयाच्या कोणत्याही कामाइतकेच महत्त्वाचे काम आहे.